डॉक्टर नील्स फिन्सेन : प्रकाशाचे वैद्य

युरोपच्या वायव्येस, स्कॉटलंड व आइसलंड यांच्या मधल्या समुद्रांत फॅरो नांवाचीं अठरा बेटें आहेत. तीं डेन्मार्कच्या राज्यांत मोडतात. तेथें धुकें, वारा व पाऊस यांचाच अंमल असून भर हिवाळ्यांत दिवस अवघा पांच तासांचा होतो. वैशाखांतल्या उन्हानें आपण त्रासून जातों. परंतु ऊन ही केवढी मोलाची वस्तु आहे हें त्या बेटांवरील मनुष्यास आपणांपेक्षां अधिक कळतें. तेथील टॉर्सहाव्न गांवीं १५ डिसेंबर १८६० रोजीं नील्स रायबर्ग फिन्सेन ह्यांचा जन्म झाला. प्रकाशाच्या किरणांनीं रोग बरा करितां येतो हें त्यांनीं जगास दाखवून दिलें, आणि ज्यांच्या तोंडाकडे पाहण्यास लोक धजत नसत अशा शेंकडों जनांस पुन्हां माणसांत आणून बसविलें. त्यांचें चरित्र आमच्या मंडळ्यांतील तरुणांस व विशेषेंकरून दुखणाइतांस वाचण्याजोगें आहे.

डेन्मार्कचें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं. १७०६ सालीं तरंगंबाडीस जे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले त्यांस डेन्मार्कच्या राजानें पाठविलें होतें. आणि बंगाल्यांतील ज्या श्रीरामपुरांत केरीसाहेबांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापून काढिलें, तें श्रीरामपूरही त्या वेळीं डेन्मार्कच्याच ताब्यांत होतें.

नील्सचे वडील आइसलंडच्या जुन्या घराण्यांतले असून सरकारी अधिकारी होते, व १८७१ सालापासून ह्या बेटांचा सर्व कारभार त्यांच्याकडे आला. मुलगा चार वर्षांचा असतांच त्याची आई वारली व वडिलांनीं दुसरें लग्न केलें. पुढें नील्सला डेन्मार्कांतील हेर्लुफ्सहोल्म येथील वसतिशाळेंत ठेविलें. तेथें त्याची प्रगति फारच मंद होती. मुलगा मनाचा चांगला, परंतु बुद्धि व उमेद बेताची, असा शेरा शाळेनें दिला. १८७६ सालीं वडिलांनीं त्यास तेथून काढून आइसलंडांतील रेक्याविक येथें आपल्या जुन्या शाळेंत घातलें. १८८२ सालीं तेथील शेवटच्या परीक्षेंत पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा नंबर अकरावा आला. मुलांच्या निकालाचे कागद पाहून ज्या आईबापांस रात्रीं झोंप येत नाहीं त्यांनीं हा अकरावा नंबर लक्षांत ठेवावा.

त्याच वर्षीं फिन्सेन हे कोपनहेगन शहरीं वैद्यकी शिकावयास गेले व १८९० सालीं परीक्षा उतरले. नंतर तेथील विश्वविद्यालयांत शरीररचना शिकविण्याच्या कामीं त्यांस जागा मिळाली. परंतु शिकत असतांच एका दुर्धर रोगानें त्यांस घेरलें होतें. ह्या रोगांत हृदय, यकृत व प्लीहा ह्यांवरील पातळ आवरणें जाड व कठीण होत जातात, पोटांत पाणी सांठतें, आणि शक्ति दिवसेंदिवस क्षीण होते. त्या काळीं त्यावर कांहीं इलाज नव्हता. पंचविशीच्या आंत जडलेलें हें दुखणें मरेपर्यंत त्यांच्या सोबतीस राहिलें.

ते राहत त्या घराचें तोंड उत्तरेकडे असल्यामुळें तेथें ऊन येत नसे. घरांत आपणांस थकवा वाटतो, व उन्हांत बसलें म्हणजे हुशारी येते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. असें कां व्हावें ह्याचें उत्तर त्यांस ग्रंथांत सांपडेना. म्हणून ते प्राण्यांकडे पाहूं लागले. छपरावर ऊन खात पडलेलें एक मांजर, सावली अंगाजवळ येतांच उठून पुन्हां उन्हांत जाऊन बसे. हें दृश्य हजारों लोकांनीं पाहिलें असेल. फिन्सेन ह्यांनीं त्याविषयीं विचार केला. जीवमात्र ज्याच्या मागें असें जातें त्यांत त्याचें कांहीं तरी हित असलें पाहिजे, असें त्यांनीं मनाशीं धरिलें.

१८९२ सालच्या डिसेंबरांत रीबे येथील बिशप बालस्लेव्ह ह्यांची कन्या इंगेबोर्ग हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढल्याच वर्षीं, संशोधनास वेळ मिळावा म्हणून, त्यांनीं विश्वविद्यालयांतील नोकरी सोडिली. आजारी मनुष्यानें, नवा संसार मांडला असतां, पगाराची जागा सोडावी हें व्यवहारी लोकांस पटणारें नव्हतें. परंतु आपले दिवस मोजके आहेत हें वैद्य ह्या नात्यानें त्यांस ठाऊक होतें, व ते कोठें खर्चावे हें त्यांनीं ठरविलें होतें.

पहिला प्रयोग त्यांनीं आपल्याच अंगावर केला. हातावर शाईचा पट्टा ओढून तो हात कडक उन्हांत धरिला. शाई धुऊन टाकल्यावर तिच्याखालची कातडी जशीच्या तशी पांढरी दिसली, व उघडी राहिलेली कातडी लाल होऊन पुढें काळसर पडली. मग शाई न लावतां तोच हात पुन्हां उन्हांत धरिला. ह्या वेळीं आधीं झांकलेला भाग भाजला, परंतु जो भाग काळवंडला होता त्यास फारशी इजा झाली नाहीं. कातडींतील काळा रंग हा प्रखर उन्हापासून रक्षण करणारा पडदा आहे, व उष्ण देशांतील लोक सांवळे कां असतात ह्याचें उत्तर ह्यांत आहे, असें त्यांनीं ताडलें. सांवळ्या मुलीस पाहून नाक मुरडणारे लोक आमच्या मंडळ्यांतही आहेत. त्यांनीं समजावें कीं, ज्या रंगास आपण हिणवितों तो निर्माणकर्त्यानें सूर्याखालीं राबणार्‍या लेंकरांच्या डोक्यावर धरलेली छत्री आहे.

येथें प्रकाशाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सूर्याचा पांढरा उजेड कांचेच्या लोलकांतून पाहिला असतां तो इंद्रधनुष्याप्रमाणें तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत निरनिराळ्या रंगांत फुटतो. तांबड्याकडील किरण ऊष्णता देतात. निळ्या-जांभळ्याकडील, व त्यांच्याही पलीकडचे डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण, पदार्थांत रासायनिक फरक घडवून आणितात. उन्हानें कातडी भाजते ती मुख्यत्वें ह्या दुसर्‍या किरणांमुळें. तेव्हां देवीच्या रोग्यास तांबडे पडदे लाविलेल्या खोलींत ठेवून हे किरण वगळावे म्हणजे व्रण कमी पडतील, असें फिन्सेन ह्यांनीं १८९३ सालीं सुचविलें. ह्या उपायाची त्या वेळीं पुष्कळ वाखाणणी झाली; परंतु पुढील काळांत तो टिकला नाहीं. देवीचा रोग जगांतून नाहींसा झाला तो लस टोंचल्यानें, व तसें १९८० सालीं जाहीर झालें. परंतु जे किरण कातडीस इजा करितात त्यांच्याच हातून कातडीचें भलेंही करून घेतां येईल काय, हा पुढला प्रश्न फिन्सेन ह्यांच्या मनांत ह्याच कामांतून उभा राहिला.

त्या काळीं युरोपांत त्वचेचा एक क्षयरोग फार माजला होता. त्यास लूपस, म्हणजे लॅटिन भाषेंत लांडगा, असें म्हणत. कारण तो लांडग्याप्रमाणें नाक, गाल, ओंठ व कान कुरतडून खाई. (आज लूपस ह्या नांवानें जो दुसरा विकार ऐकूं येतो तो निराळा.) वैद्य तो भाग कापीत, डागीत किंवा जहाल औषधांनीं जाळीत; तरी रोग पुन्हां उलटे. रोगी तोंडावर फडकें बांधून घराच्या अंधार्‍या कोपर्‍यांत आयुष्य काढी. नोकरी सुटे, सोयरीक तुटे. जिवंत असून जगांतून उठल्यासारखी ही स्थिति होती. आणि आपल्या देशांत महारोग्यांचें जें झालें तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ती निराळी समजावून सांगावयास नको.

प्रकाशानें जंतु मरतात हें त्यापूर्वींच कळलें होतें. तोच प्रकाश एकवटून, त्यांतील ऊष्णता काढून टाकून, रोगट कातडींत खोल पाठविला तर रोग बरा होईल, असें फिन्सेन ह्यांनीं योजिलें. १८९५ सालच्या नोव्हेंबरांत कोपनहेगनच्या विजेच्या कारखान्यांत त्यांनीं पहिल्या रोग्यावर उपचार आरंभिला. हा गृहस्थ इंजिनियर असून पुष्कळ उपाय करून थकला होता. रोज त्याच्या गालावर विजेच्या झगझगीत दिव्याचा झोत सोडीत. कांहीं महिन्यांत व्रण भरून आले. वार्ता पसरली, आणि दुसर्‍याच वर्षीं, म्हणजे १८९६ सालीं, उदार लोकांच्या मदतीनें कोपनहेगन शहरांत फिन्सेन ह्यांची प्रकाशोपचाराची संस्था उभी राहिली.

तेथील उपचाराची रीत अशी होती. कार्बनच्या दोन कांड्यांमध्यें विजेची ज्योत अखंड पेटती ठेवीत. तिच्या भोंवतीं दुर्बिणीसारख्या चार नळ्या खालीं उतरत्या लाविलेल्या असत, व प्रत्येक नळीखालीं एक रोगी निजे. साधी कांच कामाचे किरण अडविते, म्हणून नळींतील भिंगें स्फटिकाचीं असत. व ऊष्णता शोषून घेण्यासाठीं त्यांच्या मध्यें पाणी भरलेलें असे. रक्त हें किरणांस आड येतें, म्हणून परिचारिका एक स्फटिकाचें थंड भिंग रोगट जागेवर दाबून धरी, तेणेंकरून तेथील रक्त बाजूस होऊन किरण आंत शिरत. एका वेळीं रुपयाएवढीही जागा होत नसे, व तेवढ्यास सुमारें एक तास लागे. अशा रीतीनें एकेका तोंडावर महिनेचे महिने काम चाले. ज्या तोंडाकडे सोयरे पाहत नसत, त्यावर नजर खिळवून, भिंग दाबून रोज तासभर बसणार्‍या त्या परिचारिकांची सेवा देवाच्या वहींत लिहिलेली असेल ह्यांत शंका नाहीं.

पहिल्या पांच-सहा वर्षांत तेथें आठशेंवर लूपसच्या रोग्यांवर उपचार झाले, व त्यांतील बहुतेक बरे झाले किंवा पुष्कळ सुधारले. १९०० सालीं, डेन्मार्कची राजकन्या व इंग्लंडच्या युवराजाची पत्नी अलेक्झांड्रा हिनें लंडन येथील एका मोठ्या इस्पितळास फिन्सेन ह्यांचा दिवा भेट दिला. १९०३ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक फिन्सेन ह्यांस मिळालें. डेन्मार्क देशास मिळालेलें हें पहिलेंच नोबेल पारितोषिक होय. त्याच्या आदल्या वर्षीं हा मान डॉ. रॉनल्ड रॉस ह्यांस मिळाला होता, ज्यांनीं आपल्याच देशांत, सिकंदराबादेस, डांसांच्या पोटांत हिंवतापाचे जंतु शोधून काढिले.

पारितोषिकाचा समारंभ झाला तेव्हां फिन्सेन ह्यांस जातां आलें नाहीं. ते चाकांच्या खुर्चीस खिळले होते. आपल्या खाण्यापिण्याचा, मिठाचा व पाण्याचा तोलूनमापून हिशेब ठेवून, शरीरांत मीठ कसें सांठतें ह्यावर त्यांनीं १९०४ सालीं शेवटचा निबंध लिहिला. बरें होण्याची आशा नसलेल्या आपल्या देहासही त्यांनीं इतरांच्या उपयोगाची शाळा करून सोडलें. पारितोषिकाच्या पैशाचा मोठा भाग त्यांनीं आपली संस्था व हृदय आणि यकृत ह्यांच्या रोग्यांसाठीं असलेलें आरोग्यधाम ह्यांस देऊन टाकिला. २४ सप्टेंबर १९०४ रोजीं, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, ते मरण पावले. प्रकाशानें त्यांचें स्वतःचें दुखणें बरें झालें नाहीं. पौलाच्या देहांतील कांट्याप्रमाणें तें त्यांच्या ठायीं राहूं दिलें गेलें. आणि त्याच दुर्बळ देहाकडून देवानें हें काम करून घेतलें.

त्यांच्या मागें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, व पुढें दुसरीं औषधें निघालीं. तेव्हांपासून त्वचेचा क्षय गोळ्यांनीं बरा होऊं लागला व ते दिवे अडगळींत पडले. २००५ सालीं डेन्मार्कांतील संशोधकांनीं ते जुने दिवे तपासून पाहिले, तेव्हां त्यांतील भिंगें व गाळण्या अतिसूक्ष्म जंबुपार किरण अडवीत असत असें आढळलें. जे किरण पार होत त्यांच्या योगें जंतूंच्या अंगच्याच रंगद्रव्यानें त्यांचा नाश होत असावा, असा त्यांनीं निष्कर्ष काढिला. म्हणजे औषध खरें, परंतु तें कसें लागू पडतें ह्याची पुरी कल्पना खुद्द वैद्यालाही नव्हती.

परंतु दिवा विझला तरी त्यानें दाखविलेली वाट राहिली. १९६० सालीं लेझर नांवाचा एकाच रंगाचा, एकवटलेला प्रकाश तयार झाला, व लवकरच तो त्वचेच्या उपचारास लाविला गेला. जन्मतः तोंडावर असलेला लाल डाग, आसपासची कातडी न जाळतां, त्यानें फिका करितां येतो. ठराविक जंबुपार किरणांनीं कोडाच्या डागांत पुष्कळांस पुन्हां रंग भरतो, व सोरायसिस आटोक्यांत येतो. काविळीनें पिवळ्या पडलेल्या तान्ह्या मुलास आज इस्पितळांत निळ्या उजेडाखालीं ठेवितात.

वाचकहो, ह्या चरित्रापासून आपण कांहीं गोष्टी मनावर घेऊं या. प्रकाश हें औषध आहे. आणि औषध म्हटलें म्हणजे त्यास मात्रा व वैद्य दोन्ही पाहिजेत. मनास येईल तसें ऊन घेतल्यानें किंवा बाजारांत गोरें करून देतों म्हणणार्‍याच्या यंत्राखालीं बसल्यानें कातडी भाजते, व कधीं कधीं कायमचे डाग पडतात. जो व्रण आठवडे लोटले तरी भरत नाहीं तो सरकारी दवाखान्यांत दाखवावा. क्षय असो कीं महारोग असो, दोहोंचीं औषधें तेथें फुकट मिळतात व दोन्ही बरे होतात. आणि कोड हा महारोग नव्हे. तो स्पर्शानें लागत नाहीं, व त्यामुळें कोणाची सोयरीक मोडण्याचें किंवा प्रभुभोजनाच्या वेळीं कोणापासून सरकून बसण्याचें कारण नाहीं.

आमच्या प्रभूनें ज्यांस कोणी शिवत नसे त्यांस हात लाविला. कोपनहेगनच्या त्या परिचारिका रोज तासभर तेंच करीत होत्या, आणि त्यासाठीं विजेचा दिवा असलाच पाहिजे असें नाहीं. येत्या रविवारीं मंडळींत कोणी भाऊ किंवा बहीण तोंडावर पदर ओढून मागल्या ओळींत बसलेली दिसेल, तर तिच्याजवळ जाऊन बसावें, व सोमवारीं दवाखान्याची वाट तिच्या बरोबर चालावी. नीतिमत्त्वाचा सूर्य ज्यांच्यावर उगवला आहे त्यांनीं इतकें तरी करणें योग्य आहे.