ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, त्याच चर्चला त्याने खिडक्या दिल्या: एडवर्ड बर्न-जोन्सची गोष्ट

नोव्हेंबर १९४०. जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमवर बॉम्ब टाकले आणि शहराच्या मधोमध असलेलं सेंट फिलिप्स चर्च पेटलं. छप्पर गेलं, आतलं सगळं जळून गेलं. पण चर्चमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट तेव्हा तिथे नव्हतीच. रंगीत काचेच्या चार प्रचंड खिडक्या शहरातल्या जागरूक लोकांनी आधीच उतरवून सुरक्षित जागी हलवल्या होत्या. १९४८ साली चर्च पुन्हा उभं राहिलं आणि खिडक्याही आपापल्या जागी बसल्या.

या खिडक्यांची चित्रं काढणारा माणूस याच गावचा. एडवर्ड बर्न-जोन्स.

त्याचा जन्म २८ ऑगस्ट १८३३ चा. जन्मानंतर आठवडाभरातच आई गेली. वडिलांचा चित्रांना चौकटी बसवण्याचा धंदा होता आणि तोही बेताचाच चालायचा. ते लहानग्या एडवर्डला आईच्या कबरीवर घेऊन जायचे. जिला कधी पाहिलं नाही, तिची आठवण करायची, हे त्याला असं पाळण्यापासूनच शिकावं लागलं. त्याचा बाप्तिस्मा झाला तो सेंट फिलिप्समध्येच. तेव्हा ते साधं पॅरिश चर्च होतं, म्हणजे आसपासच्या वस्तीचं चर्च. कॅथेड्रल ते १९०५ साली झालं.

एडवर्ड ऑक्सफर्डला गेला तो पाद्री व्हायला. तिथे विल्यम मॉरिस भेटला, त्यालाही पाद्रीच व्हायचं होतं. १८५५ च्या सुट्टीत दोघे उत्तर फ्रान्समधली जुनी कॅथेड्रल्स बघत फिरले आणि परतीच्या वाटेवर बंदराच्या धक्क्यावर दोघांनी ठरवून टाकलं की चर्चची नोकरी करायची नाही. मॉरिस वास्तुकार होणार आणि एडवर्ड चित्रकार. गंमत म्हणजे पाद्री व्हायचं सोडलेला हा माणूस पुढची चाळीस वर्षं चर्चसाठीच राबला.

त्याला काळही अनुकूल होता. इंग्लंडमधली कितीतरी मध्ययुगीन रंगीत काच सोळाव्या-सतराव्या शतकातल्या धार्मिक उलथापालथीत फोडली गेली होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जुनी चर्च दुरुस्त होऊ लागली, नवी बांधली जाऊ लागली. पूर्वी घरातलं माणूस गेलं की पैसेवाले लोक चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लावत. आता पाटीऐवजी खिडकी देण्याची पद्धत रुळली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा धर्मशाळेच्या भिंतीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ असं कोरलेलं असतं ना, तसंच काहीसं. फक्त इथे ती आठवण उन्हात उजळून निघायची.

१८६१ साली मॉरिसने मित्रांसोबत कंपनी काढली. काम वाटून घेतलेलं होतं. बर्न-जोन्स खिडकीच्या मापाचं मोठं रेखाटन करायचा. कोणत्या तुकड्याला कोणता रंग आणि शिशाची पट्टी कुठून न्यायची, हे बराच काळ मॉरिस ठरवायचा. मग कारागीर रंगीत काच कापत, चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढून भट्टीत पक्क्या करत आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडत. शिसं लागतं ते जोडणीसाठी, पण खिडकीवर ते ठळक काळी रेघ होऊन दिसतं. ती रेघ चुकीच्या जागी गेली की चेहरा बिघडलाच म्हणून समजा!

१८६४ साली त्याच्या घरात स्कार्लेट फीव्हर शिरला. पत्नी जॉर्जियाना गरोदर होती, तिलाही लागण झाली. ख्रिस्तोफर नावाचं बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलं आणि तीन आठवड्यांत गेलं. इतरांच्या दुःखासाठी चित्रं काढणाऱ्या माणसाला ते दुःख परकं नव्हतं.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधली त्याची एक खिडकी बघण्यासारखी आहे. फ्रेडरिक व्हायनर हा तिथलाच विद्यार्थी. १८७० साली ग्रीसमध्ये दरोडेखोरांनी त्याला पळवून नेलं आणि खंडणीची बोलणी फिसकटल्यावर मारलं. वय अवघं २३. बर्न-जोन्सने त्याच्या स्मारकासाठी बायबलमधली तरुण माणसंच निवडली: बाल शमुवेल, दावीद, योहान, तीमथ्य. मेलेल्याचा चेहरा कुठेच नाही, पण तरुण पोर गेलं हे खिडकी बघताच कळतं.

आता पुन्हा सेंट फिलिप्सकडे येऊ. १८८५ साली तिथे येशूच्या स्वर्गारोहणाची खिडकी बसली. ती बघायला गावी गेलेला बर्न-जोन्स स्वतःच्याच कामावर इतका खूश झाला की शेजारच्या दोन खिडक्याही करतो म्हणून बसला. नंतर हिशेबाच्या वहीत त्याने आपल्या या उत्साहाची स्वतःच टर उडवली. ही वही म्हणजे धमालच, कारण मोबदला कमी मिळाल्याच्या तक्रारी तो त्यात विनोदी ढंगात लिहून ठेवायचा. त्या दोन खिडक्या येशूच्या जन्माची आणि क्रूसाची. पैसे देणाऱ्या बाईंना गोठ्यात बैल नको होते, म्हणून जन्माच्या चित्रात बैल नाहीत, असं सांगतात.

चौथी खिडकी समोरच्या पश्चिम बाजूला, शेवटच्या न्यायाची. ती या चर्चचे रेक्टर राहिलेल्या बिशप बोल्बी यांच्या स्मरणार्थ आहे. वर लालभडक पंखांचे देवदूत, खाली कोसळणारं शहर आणि घाबरून एकमेकांना बिलगलेली माणसं. माझ्या मते चौघींत हीच सरस. ती १८९७ साली बसली तेव्हा मॉरिसला जाऊन वर्ष होत आलं होतं.

१८९८ साली वेल्समधल्या हॉर्डन गावच्या पॅरिश चर्चमध्ये त्याची आणखी एक खिडकी लागली. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या मुलांनी आईवडिलांप्रती कृतज्ञता म्हणून ती दिली होती. त्याच वर्षी १९ मे रोजी ग्लॅडस्टन गेले आणि १७ जूनला बर्न-जोन्स.

त्याच्या अस्थी समुद्रकाठच्या रॉटिंगडीन गावात पुरल्या. तिथे त्याचं घर होतं. जॉर्जियानाच्या बहिणीचा मुलगा, आपल्या मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग, तेव्हा त्याच गावात राहत होता. गावच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये बर्न-जोन्सनेच काढलेले देवदूत आहेत. पण ती खिडकी कुणाच्या मृत्यूची नाही, त्याच्या मुलीचं लग्न या चर्चमध्ये झालं त्या आनंदाची आहे. त्याची कबर बाहेर, चर्चच्या भिंतीला लागून.