रॉबर्ट स्मॉल्स : गुलाम, कप्तान, आमदार

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा अभ्यास करताना लिंकन, ग्रँट आणि ली ही नावे आपल्याला पाठ होतात. त्याच युद्धातून पुढे आलेले दक्षिण कॅरोलायना राज्याचे पुढारी रॉबर्ट स्मॉल्स मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला प्रथम मोह पडला तो त्यांच्या साहसाचा. पण अंतर्मुख केले ते शाळेसाठी त्यांनी धरलेल्या आग्रहाने.

५ एप्रिल १८३९ रोजी ब्यूफोर्ट गावी, मालकाच्या घरामागील खोपटात त्यांचा जन्म झाला. आई लिडिया मॅकी घराण्याची गुलाम होती. बाराव्या वर्षी मालकाने त्यांना चार्ल्स्टन बंदरात कामाला लावले. मजुरी मालकाची, मुलाच्या हाती आठवड्याला एक डॉलर. रस्त्यावरचे दिवे लावणे, हॉटेलात वाढणे, गोदीत राबणे असे करता करता ते आगबोटीचे सुकाणू धरायला शिकले. १८५६ साली हॅनाशी त्यांचा विवाह झाला. तीही गुलाम. पत्नी आणि मुलगी यांना सोडवायला ८०० डॉलर हवे होते; गाठीला जमले होते शंभर.

१८६१ साली युद्ध पेटले. स्मॉल्स ज्या ‘प्लँटर’ बोटीवर होते ती दक्षिणेच्या सैन्याने आपल्या कामाला घेतली. बंदराबाहेर उत्तरेच्या आरमाराचा वेढा होता. १३ मे १८६२ च्या पहाटे बोटीवरचे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेले असताना स्मॉल्स यांनी बोट हाकारली. वाटेत बायकामुलांना चढवून घेतले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि फोर्ट सम्टर किल्ल्यासमोर भोंग्याची ठरलेली खूण दिली. पहारेकऱ्यांना संशय आला नाही. तोफांच्या टप्प्याबाहेर पडताच दक्षिणेचे निशाण उतरवून पांढरी चादर चढवली, आणि बोट तोफांसकट उत्तरेच्या स्वाधीन केली. तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते.

बक्षिसाचे १५०० डॉलर घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत. उत्तरेच्या आरमारासाठी त्यांनी बोटी चालवल्या. पुढे त्याच ‘प्लँटर’चे ते कप्तान झाले. तरीही १८६४ साली फिलाडेल्फियात या वीराला केवळ वर्णामुळे ट्राममधून उतरवण्यात आले. गुलामीत अक्षरओळख नव्हती. युद्धकाळात शिक्षक लावून ते वाचायला शिकले. ज्या घरामागे जन्म झाला, तेच घर त्यांनी कर थकल्याच्या लिलावात विकत घेतले.

१८६८ साली राज्याची नवी घटना करण्यासाठी परिषद भरली. तीत स्मॉल्स यांनी सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळा असाव्यात, असा ठराव मांडला. त्याच वर्षी ते राज्याच्या विधानसभेत आणि १८७० साली तेथील सिनेटमध्ये निवडून आले. इथे मला महात्मा फुले आठवतात. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या वर्षी मुक्त झालेला एक गुलाम तिकडे कायदे करीत होता. दोघांची भेट कधी झाली नाही, पण शिक्षणाची तळमळ एकच.

१८७५ पासून स्मॉल्स अनेकदा वॉशिंग्टनला प्रतिनिधी म्हणून गेले. पण वारे फिरले होते. १८७७ साली राज्यात लाचेच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि १८७९ साली गव्हर्नरने माफी दिली. खटल्यामागे राजकीय वैर होते, असे अनेक अभ्यासक मानतात.

खरा घाव १८९५ साली बसला. पुन्हा घटना-परिषद भरली. १६० सभासदांत कृष्णवर्णीय फक्त सहा, त्यांत स्मॉल्स. मत हवे तर घटनेचे कलम वाचून दाखवावे, नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता दाखवावी, असा नियम पुढे आला. परीक्षा घेणारे अधिकारी गोरे. कोणाला उत्तीर्ण करायचे ते त्यांच्या मर्जीवर. ज्या अक्षरज्ञानासाठी स्मॉल्स झगडले, त्याचीच आता त्यांच्या लोकांपुढे भिंत उभी राहिली. त्यांनी परिषदेत कडाडून विरोध केला आणि त्या घटनेवर सही करण्यास नकार दिला. नियम मात्र मंजूर झाला.

पुढे अनेक वर्षे, मधला काही काळ वगळता, ते ब्यूफोर्ट बंदराचे जकात अधिकारी होते. फेब्रुवारी १९१५ मध्ये त्याच घरात त्यांचे निधन झाले. वाचनपरीक्षेचा तो अडसर त्यांच्या राज्यात हटला तो १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने, त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी.

एका पहाटेत बोट पळवता येते. मताचा हक्क मात्र एकदा मिळूनही पुन्हा हिरावला जाऊ शकतो, आणि तेही शिक्षणाच्या नावाखाली. आपण शिकलेले लोक आहोत, म्हणून ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी असे मला वाटते.