श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद आणि मुंबई बँकेची बुडीत खाती

श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरत येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. बालपणीच ते पित्यासमवेत मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि तरुण वयातच शेअरदलालीच्या व्यवसायात स्थिरावले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती होती. सौदे कागदावर न टिपता ते स्मरणात ठेवीत, असे सांगतात. स्मरणशक्तीचे हे कौतुक खरेच. परंतु पुढील हकिगत वाचताना ते थोडे खटकल्यावाचून राहत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस थांबला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या सोलापूरपर्यंत १८६० सालीच आगगाडी पोहोचली होती. भाव वाढला तशी लबाडीही वाढली. गाठीत माती, सरकी, पाणी मिसळण्याचे प्रकार जुनेच होते. त्याविरुद्ध १८२९ साली नियम झाला होता आणि १८६३ मध्ये मुंबई सरकारने नववा कायदा करून कापसातील भेसळीवर तपासनीस नेमले. आश्चर्य असे, की त्याच वर्षीच्या दहाव्या कायद्याने मुंबई बँकेवरील जुने निर्बंध सैल झाले आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची मुभा तिला मिळाली. गाठीवर पहारा बसला, तिजोरीवरचा उठला!

१८४० साली स्थापन झालेल्या या बँकेत सरकारनियुक्त संचालकही होते. तरीही तिच्या सचिवांवर प्रेमचंदशेठजींचा मोठा प्रभाव पडला आणि त्यांच्या शब्दावर मोठमोठी कर्जे दिली गेली. तारण म्हणून येणारे शेअर ज्या कंपन्यांचे, त्याच कंपन्यांचे भाव त्या कर्जांच्या पैशाने चढत होते. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर सुमारे ५०,००० पर्यंत गेला. तारण आणि कर्ज एकाच फुग्यातले आहेत, हे ओळखणे हिशोबनीसाचे काम होते. संचालकांनी ते विचारले नाही.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा निपटारा करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणेकऱ्यांपाशी पैसा नव्हता. मुंबई बँकेचा २,८५० रुपयांना गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंदशेठजींचे वैभवही त्याच लाटेत गेले. बँक अखेर बुडाली आणि १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक उभी राहिली.

त्याच वर्षी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने केवळ काळाला दोष दिला नाही. १८६३ च्या कायद्यातील सैलपणा, त्याचा दुरुपयोग करणारे सचिव, संचालकांचा निष्काळजीपणा आणि योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव, असे सर्व त्याने मांडले. पुढे १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने कर्जाची मुदत मर्यादित केली, स्थावर मालमत्तेवर कर्ज बंद केले आणि हुंडीवर परस्परांशी संबंध नसलेल्या दोघांच्या सह्या आवश्यक केल्या. हीच नवी बँक १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि तीमार्फत १९५५ मध्ये स्टेट बँकेत मिसळली. आपल्या माळशिरस तालुक्यातील कित्येक घरांत त्या बँकेचे पासबुक आहे.

शेठजींच्या दानशूरपणाबद्दल मात्र दुमत नाही. भरभराटीत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्रींच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. अंध मातोश्रींना घड्याळाच्या ठोक्यांवरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी, हा त्यामागील हेतू होता, अशी आख्यायिका आहे. त्याचे बांधकाम १८६९ मध्ये सुरू झाले. कर्जबाजारी झालेल्या दात्याच्या दानातून राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. शेठजी त्यानंतरही दीर्घकाळ जगले. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.