कर्मवीर भाऊराव आणि गावची शाळा

भाऊराव पाटलांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या वस्तीत विरळाच. पण त्यांची शाळा कशावर उभी राहिली, हे पोरांना सांगायचे मात्र आम्ही विसरतो.

22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोजला त्यांचा जन्म झाला. घराणे जैन, विचार सत्यशोधकी. नांगर विकत खेडोपाडी फिरताना शिक्षणावाचून रयतेचे होणारे हाल त्यांनी पाहिले. 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. तिथे अस्पृश्य मानलेल्या आपल्या समाजाची पोरंसुद्धा सगळ्यांबरोबर एकाच पंक्तीत जेवली. पैसा सरला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही ठेवले नाही.

कमवा आणि शिका हा भाऊरावांचा दंडक. पोरं शेतात राबायची अन् शिकायची. 1935 साली त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारे अध्यापन महाविद्यालय काढले. खेड्यातला पोरगा शिकून खेड्यातच मास्तर होऊ लागला. घरात पगार आला, गावाला शहाणा माणूस मिळाला. 9 मे 1959 रोजी कर्मवीर गेले.

आज पट कमी म्हणून गावची शाळा बंद करायची भाषा होते. शाळा गेली की मास्तर जातो, पोरांचा आहार शिजवणाऱ्या बाईचे काम जाते, मागोमाग घरेही गाव सोडतात. म्हणून विहाराच्या या वर्धापनदिनी आम्ही एवढेच विनवतो: आपापल्या मूळगावी जाल तेव्हा शाळेत डोकावून या. तिला काय हवे ते विचारा.

जय भीम!