व्हिस्कीचा निरोप घेणारा नील गाऊ

स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यातील नील गाऊ या फिडलवादकाचे आडनाव मराठी कानाला मोठे गमतीचे वाटते. जणू कोणी गाण्याचे आमंत्रणच देत आहे! तिकडच्या गेलिक भाषेत मात्र त्याचा अर्थ लोहार. १७२७ साली जन्मलेल्या या मुलाला घरच्यांनी घातले होते विणकामाच्या धंद्याला. पण नवव्या वर्षीच फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, त्याच्या हाती आले आणि पुढे माग सुटला.

आज नीलचे नाव परदेशी लोक घेतात ते बहुधा व्हिस्कीला दिलेल्या निरोपाची त्याची एक चाल ऐकून. एखाद्या पिणाऱ्याने पश्चात्तापाने शपथ घेतली असावी, असा पुष्कळांचा समज होतो. मला तो समज नीलवर आणि त्या काळावरही अन्याय करणारा वाटतो.

नीलने ज्या नाचांसाठी चाली बांधल्या, त्यांतील एका ठेक्याचे नावच स्ट्रॅथस्पे, म्हणजे स्पे नदीचे रुंद खोरे. स्त्रीपुरुषांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि जोड्या एकमेकींत गुंफत पुढे सरकतात. पाहताना आपल्या गोफाची आठवण व्हावी. या ठेक्यात आखूड स्वर आधी येऊन लांब स्वरावर झटक्याने आपटतो. नीलची खरी करामत इथे होती. इतरांचा गज खालून वर जाताना दुबळा पडे. त्याचा तेव्हाच अधिक जोमाने चाले. मध्येच तो एखादी आरोळी ठोकी, आणि नाचणाऱ्यांच्या पायांत नवे बळ येई.

हेच खोरे व्हिस्कीचे माहेरघर. जव भिजवून त्यास मोड आणायचे, दलदलीतून काढून वाळवलेल्या पीटच्या धुरावर ते सुकवायचे, दळून, ऊन पाण्यात कालवून, आंबवून तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायचे, हा तेथील शेतकऱ्याचा जोडधंदा. बराचसा चोरूनच चाले. १८२३ साली कायदा सुधारला आणि पुढच्या वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने रीतसर परवाना घेतला. पण तेव्हा नील नव्हता.

सतराशे पंचेचाळीस साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने वादनाची स्पर्धा जिंकली. परीक्षक आंधळा होता, आणि शंभर वादकांतूनही या मुलाचा गज मी ओळखीन, अशा अर्थाचे काही तो बोलला असे सांगतात. पुढे अॅथॉलच्या ड्यूकांचा आश्रय मिळाला. डेव्हिड अॅलन या चित्रकाराने १७८० साली काढलेल्या एका लग्नाच्या चित्रात तो फिडल वाजवताना दिसतो, शेजारी भाऊ डोनाल्ड चेलोवर. हेन्री रेबर्ननेही त्याची चित्रे काढली. गुडघ्यापर्यंतची चौकड्यांची विजार घालून बसलेला हा माणूस कोणा सरदाराचा मिंधा वाटत नाही. संस्थानी दरबारातील कलावंतांच्या कथा घरी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या ताठपणाची किंमत निराळी सांगायला नको. थोरामोठ्यांच्या बायकांशीही तो बरोबरीने बोले. डोके गरगरते अशी तक्रार एका डचेसने केली, तेव्हा आदल्या रात्री जास्त झाली की आपल्याही टोपीत मधमाश्या घोंघावतात, असे त्याने तिला सांगितले म्हणतात. पीत होता, यात शंका नाही. पिऊन घरी परतताना रस्त्याच्या लांबीपेक्षा रुंदीनेच आपल्याला दमवले, हाही विनोद त्याच्याच नावावर आहे.

१७८७ च्या ऑगस्टअखेर कवी रॉबर्ट बर्न्स त्याला मुद्दाम भेटून गेला. दोनच वर्षांनी हाच कवी अबकारी खात्यात नोकरीस लागून चोरट्या भट्ट्यांच्या मागावर फिरू लागला, हा दैवाचा विनोद!

आता त्या चालीकडे. १७९९ साली पीक बुडाले. जवाच्या भाकरीवर गरिबाचे घर चालत असताना तोच जव भट्टीत जाऊ देणे सरकारला परवडेना, आणि व्हिस्की गाळण्यास बंदी आली. नीलच्या चालीच्या छापील प्रतीत या बंदीचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे तो निरोप एका माणसाच्या व्यसनाचा नव्हता, तर साऱ्या मुलखाच्या रिकाम्या कणग्यांचा होता. चाल मूळची संथ. आज आयर्लंडात ती पोल्काच्या भरधाव लयीत वाजते, आणि ऐकणाऱ्याच्या मनातून ते दुष्काळाचे वर्ष निघून जाते. बंदी उठल्यावर व्हिस्कीचे स्वागत करणारी दुसरी चालही निघाली, हे मात्र खरे.

दुसरी पत्नी मार्गारेट अर्क्हार्ट हिच्याशी त्याचे लग्न १७६८ साली झाले होते. १८०५ साली ती गेली. तिच्यासाठी त्याने बांधलेला विलाप नाचण्यासाठी नाही. माझ्या मते त्याच्या सर्व रचनांत तो श्रेष्ठ. ज्याच्या गजाने आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय उचलले, त्याने इथे एकेक स्वर जमिनीवर हलकेच ठेवला आहे.

१ मार्च १८०७ रोजी डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावी त्याचे निधन झाले. पुत्र नॅथॅनिएल एडिंबरोत राहून बापाच्या चाली छापत राहिला.