कंपायलरचा पाया घालणाऱ्या ग्रेस हॉपर

एडिटरमध्ये 'सी'चं प्लगइन सेट केलं की चुकलेल्या ओळीखाली लगेच लाल रेघ येते. ही चूक पकडतं ते कंपायलरचं तंत्र. त्याचा पाया घालणाऱ्यांत ग्रेस हॉपर यांचं नाव आघाडीवर आहे.

१९०६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या ग्रेस गणिताच्या प्राध्यापिका होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वय जास्त आणि वजन कमी! तरीही परवानगी मिळवून त्या भरती झाल्या आणि हार्वर्डच्या 'मार्क १' कॉम्प्युटरवर पोहोचल्या.

तेव्हा प्रोग्रामचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा हातानं उतरवावे लागत. एक आकडा चुकला की सगळं फसलं. म्हणून १९५२ साली त्यांनी 'ए-०' बनवला. नुसते क्रमांक दिले की तो टेपवरचे तयार तुकडे शोधून जोडायचा. कॉम्प्युटर फक्त हिशोब करतो, प्रोग्राम तयार करू शकत नाही, असं मानणाऱ्यांना आधी हे पटेना. पण त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी 'फ्लो-मॅटिक' आणली. तिच्यावरूनच बरंच काही घेऊन 'कोबोल' घडली.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. प्रोग्रामचे तुकडे शोधून जोडण्याचं कष्टाचं काम मशीनवर सोपवता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं.