न फुटणारी संख्या

तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचा ‘हनोईचा मनोरा’ पुष्कळ घरांत मुलांनी हाताळला असेल. १८८३ साली तो बाजारात आला तेव्हा डब्यावर सयामच्या कुणा क्लाउसचे नाव होते. ती होती अक्षरांची उलटापालट. त्यामागे दडला होता फ्रान्समधील आमिआँ गावचा गणिती एदुआर ल्युका. सोबतच्या कागदावर त्याने काशीच्या देवळातल्या ६४ सुवर्णचकत्यांची दंतकथाही घातली होती. (यात्रेकरूंनी तो मनोरा शोधत बसू नये!) तो हलवायला चाली लागतात २ चा ६४ वा घात उणे १; सेकंदाला एक चाल धरली तरी सुमारे ५८ हजार कोटी वर्षे.

या ‘उणे एक’ने ल्युकाला आधीपासूनच झपाटले होते. जन्म १८४२ चा. प्रशियाशी झालेल्या १८७० च्या युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता, पुढे शाळेत गणित शिकवू लागला. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्येच सांगून ठेवले होते की, २ चा ६७ वा किंवा १२७ वा घात घेऊन एक वजा केला की मूळ संख्या मिळते. म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. पण ताडून कसे पाहणार? १२७ व्या घाताची संख्या ३९ अंकी! एकेका भाजकाने भागत बसले तर जन्म पुरायचा नाही.

ल्युकाने भाजक शोधणेच सोडून दिले. त्याची युक्ती मला फार आवडते. कागद घ्या आणि १२७ तपासा. तोही २ चा ७ वा घात उणे १ आहे. ३ पासून निघा. वर्ग करून २ वजा करा: ७. पुन्हा तेच: ४७. पुढे २२०७, १२७ ने भागून बाकी ४८. त्यानंतर बाकी १६. मग २५४, आणि बाकी शून्य! सहाव्या पायरीवर शून्य, म्हणजे संख्या मूळ. ३९ अंकी संख्येसाठी हीच कृती सव्वाशे वेळा करायची. १८७६ साली ल्युकाने ती मूळ असल्याचे जाहीर केले. तिच्याहून मोठी मूळ संख्या थेट १९५१ मध्ये सापडली.

त्याच वर्षी ६७ व्या घाताचीही परीक्षा झाली, आणि मर्सेन चुकला. ती संख्या फुटते हे ल्युकाला कळले, पण तुकडे त्याच्या हाती नव्हते. घरात चोर शिरला हे नक्की, कोणत्या खोलीत ते ठाऊक नाही, अशातला प्रकार. माझ्या मते त्याची खरी करामत हीच. तुकडे दाखवले फ्रँक कोल या अमेरिकन गणितज्ञाने, १९०३ मध्ये: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. त्यापायी त्याचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे सांगतात.

हे पाहायला ल्युका राहिला नव्हता. १८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून बशा पडल्या, त्यातली एक कपची उडून त्याच्या गालाला लागली. जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत, ३ ऑक्टोबरला, तो गेला. वय अवघे ४९.